आईसाहेबांची मूठ

खूप जुनी गोष्ट आहे, बेलसोंडला राजा होता तेव्हाची. राज्य एवढंसं, पण मानपान डोंगराएवढे! तिथल्या राणीचं नाव मंजुळाबाई. खळखळून हसायच्या, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही नावानिशी ओळखायच्या. रब्बीची पेरणी त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. पेरणीचं अवजार म्हणजे पाभर, तिच्यावरची बी सोडायची लाकडी वाटी म्हणजे चाडं; राणीनं त्या चाड्यात बियाण्याची पहिली मूठ सोडायची, मगच गावानं शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायचा, असा तिथला रिवाज होता.

मग राजे वारले. दिवसकार्य आटोपलं आणि कारभारी नारोपंतांनी वाड्यात ताकीद दिली, "आजपासून राणीसाहेब म्हणायचं नाही. आईसाहेब म्हणायचं." नवा किताब आला आणि जुनं सगळं गेलं. दरबारातली बैठक गेली, हिरवा चुडा गेला, पुढच्या दारानं येणंजाणंही गेलं. मूल तर त्यांना नव्हतंच. "लेकरू नाही आणि म्हणे आईसाहेब," असं म्हणून त्या माजघरात एकट्याच रडल्या, असं म्हणतात.

त्या साली पाऊस उशिरा आला आणि लवकर गेला. रानाला वाफसा आला, माती पेरणीजोगी झाली. पण मूठ कोण सोडणार? नवे राजे म्हणजे मंजुळाबाईंचे धाकटे दीर, त्यांचं अजून लग्न व्हायचं होतं. राणीच नाही! पाभरी बांधावर नुसत्या उभ्या, वर कडक ऊन, आणि मातीतली ओल दिवसागणिक उडून चाललेली.

शेवटी हैबती पाटील वाड्याच्या मागच्या दारी आले. मान खाली घालून एवढंच म्हणाले, "आईसाहेब, रान खोळंबलंय."

 पीक बुडालं तर सगळा बोल पांढऱ्या कपाळाला लागणार, हे मंजुळाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण गाव उपाशी राहिलेलं त्यांना बघवलं नसतं. त्यांनी पदरात बियाणं घेतलं आणि सरळ पुढच्या दाराकडे निघाल्या. नारोपंत आडवे आले.

"अपशकुन होईल, आईसाहेब!"

"आईसाहेब ना? किताब तुम्हीच दिलात. मग सांगा पंत, भुकेलं लेकरू घास घेताना आईचं कपाळ बघतं का?"

 पंत दारातून बाजूला झाले.

पहिली मूठ हैबतींच्या चाड्यात पडली, मग शेजारच्याच्या, मग त्याच्या शेजारच्याच्या. जो तो पाभर घेऊन पुढे येई आणि पदर काही रिता होईना. सगळं शिवार पेरून झालं, दिवस मावळला, तरी पदरात दाणे होतेच, असं म्हणतात. त्या साली शाळू एवढा उंच वाढला की संस्थानचा एकुलता एक हत्ती त्यात हरवला. त्याला शोधायला नारोपंतांनाच धाडलं होतं, असंही म्हणतात. ते खरं असलं तर फार बरं!

आता राजे नाहीत, किताबही नाहीत. पण बेलसोंडला पहिली मूठ अजून विधवा बाईच्याच हातची असते. त्यातही पहिला मान, त्या वर्षी जिचा नवरा गेला असेल तिचा. ती बिचारी घरात तोंड लपवून बसलेली असते. मग वाफसा येतो, तिच्या अंगणात पाभर येऊन थांबते, आणि पाटील पुढच्या दारातून हाक मारतात, "आईसाहेब, रान खोळंबलंय."