शिरपती आणि फुकटची पिशवी

एका गावात एक भोळा शिरपती होता. गाव अमेरिकेत होतं. हसू नका, अमेरिकेतही गावं असतात. एक पेट्रोल पंप, एक शाळा, जिकडंतिकडं चर्चं आणि गाड्या लावायला एवढी जागा की आपल्याकडं तेवढ्यात तालुका बसेल.

शिरपती मूळचा कऱ्हाडकडचा. आई गेली, घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून थोरल्या बहिणीनं, शालनअक्कानं, कागदपत्रं करून त्याला आपल्याकडं आणलं. त्या कागदपत्रांना इतकी वर्षं लागली की तोवर शिरपतीचे केस पिकले. अक्कल मात्र होती तेवढीच राहिली.

अक्काचे यजमान प्रमोददाजी. कंपनीत साहेब, गळ्यात टाय, बोलण्यात सदानकदा एकच विषय. "या देशाचं वाटोळं फुकट्यांनी केलं!" दाजी जेवताना म्हणायचे. "पूर्वी इथली माणसं देवाला भ्यायची आणि कामाला जायची. आता देव नको, काम नको, सरकारचा चेक तेवढा हवा!"

शिरपतीला आणताना दाजींनी सरकारला सही करून दिली होती, की हा माणूस कुणाच्या गळ्यात पडणार नाही. त्या सहीची त्यांना भारी धास्ती. शिरपती येऊन चार दिवस झाले नाहीत तोच त्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीच्या आत काम लागलं तर ठीक. नाहीतर परतीचं तिकीट."

अक्काच्या डोळ्याला पाणी आलं. अक्काला सोडून शिरपती जाणार कुठं? आणि जाऊन जेवणार कुणाकडं?

शेजारी लोरेनबाई राहायच्या. या बाई तिथल्या चर्चच्या पास्टर. बाई माणूस आणि पुजारी, हे ऐकून शिरपतीनं आधी दोनदा अक्काला विचारलं आणि मग बाईंच्या पाया पडून आला. बाई खूश. त्यांनी त्याला बसवलं आणि सफरचंदाचं सारण भरलेला गरमागरम 'पाय' नावाचा गोड पदार्थ पुढं केला.

"नको," शिरपती म्हणाला.

पाहुण्यानं आधी नकोच म्हणायचं असतं. मग यजमानानं म्हणायचं, असं कसं, घ्या. मग पुन्हा नको. मग यजमानानं गळ्याची शपथ घालायची. तेव्हा कुठं थोडंसं म्हणून पोटभर खायचं. पण बाईंनी "बरं" म्हटलं आणि ताटली उचलून आत नेली. शिरपती संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिला, बाई पुन्हा विचारतील म्हणून.

अक्कानं कपाळावर हात मारला. "अरे, इथं आग्रह नसतो! कुणी काही पुढं केलं की पहिल्या झटक्यात घ्यायचं आणि मोठ्यानं थँक्यू म्हणायचं."

"आलं ध्यानात," शिरपती म्हणाला.

आणि खरंच आलं होतं. तेच तर दुखणं होतं.

रविवारी लोरेनबाईंनी त्याला चर्चमध्ये बोलावलं. चर्च निम्मं रिकामं. म्हाताऱ्या तेवढ्या बसलेल्या. गाणी झाली, प्रवचन झालं, आणि एक थाळी बाकावरून बाकावर सरकत आली. थाळीत नोटा. ती शिरपतीच्या पुढं आली. त्यानं पहिल्या झटक्यात मूठ भरली, नोटा खिशात घातल्या आणि "थँक्यू!" म्हणून असा ओरडला की पुढच्या बाकावरच्या म्हातारीचं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं.

लोरेनबाईंनी हसण्यावारी नेलं. दाजी कसले हसतात! घरी हे कळल्यावर त्यांनी त्याला फैलावर घेतलं. "फुकट्या! रांगेतून भांडं सरकत आलं की घ्यायचं नसतं! आपल्या खिशातलं टाकायचं, मान खाली घालायची आणि भांडं पुढं सरकवायचं."

"आलं ध्यानात."

मग आले गणपती. महाराष्ट्र मंडळाचं जेवण होतं. लांबच लांब टेबलं, आणि श्रीखंडाचं पातेलं हातोहात सरकत निघालं. शिरपतीच्या पुढं आलं. त्यानं मान खाली घातली. खिशातली सगळी चिल्लर काढली, श्रीखंडात सोडली आणि पातेलं भक्तिभावानं पुढं सरकवलं.

पुढं बसले होते मंडळाचे अध्यक्ष कारखानीस. त्यांची दाढ बसवून फार दिवस झाले नव्हते. ती त्याच दिवशी निघाली.

"अरे, जेवणाच्या ठिकाणी पैसे कसले टाकतोस!" दाजी दातओठ खात म्हणाले. "खाण्याची जागा आहे ना? मग खायला वाढायचं! समोरचा नको म्हणेल, तरी वाढायचं. लाजून म्हणत असतो तो. हीच आपली संस्कृती."

"आलं ध्यानात."

इकडं दिवाळी जवळ येत चालली. अक्कानं लोरेनबाईंना गळ घातली. चर्चच्या तळघरात एक भांडार होतं. बुधवारी आणि शुक्रवारी तिथं अडल्यानडल्यांना शिध्याची पिशवी फुकट मिळायची. रविवारी चर्च निम्मं रिकामं असायचं म्हटलं ना? भांडाराची रांग मात्र पार रस्त्यापर्यंत. बाई म्हणाल्या, "बुधवारी येऊ दे त्याला. आधी काम बघते, मग पगारावर ठेवायचं ठरवते."

फुकट्यांचं भांडार म्हणून दाजींनी नाक मुरडलं. पण पगार कळल्यावर नाक पुन्हा जागेवर आलं.

पहिल्याच बुधवारी सोमालियाच्या एक बाई आल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. शिरपतीनं त्यांच्या पिशवीत डुकराच्या मांसाचा डबा टाकला.

"हा नको, भाऊ," त्या म्हणाल्या.

"घ्या हो."

"खरंच नको. आमच्यात चालत नाही."

"लाजू नका," म्हणत शिरपतीनं आणखी दोन डबे टाकले. "आमच्या गळ्याची शपथ!"

त्या डबे काढताहेत, हा टाकतोय. मागची रांग खोळंबली. शेवटी लोरेनबाई धावत आल्या. त्यांनी डबे बाजूला केले, त्या बाईंची माफी मागितली आणि शिरपतीला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, इथं यायलाच माणसाला किती लाज वाटते, ठाऊक आहे? नाव विचारायचं नाही. ओळख असली तरी दाखवायची नाही. गोड हसायचं, पिशवी हातात द्यायची आणि पुढचा माणूस घ्यायचा. बस."

"आलं ध्यानात."

त्याच रविवारी घराची बेल वाजली. दारात कारखानीस उभे. नवी दाढ, शेजारी कारखानीसवहिनी, हातात मिठाईचा डबा. मंडळाच्या दिवाळीत दाजींचं भाषण ठेवायचं म्हणून मुद्दाम आले होते.

शिरपतीनं दार उघडलं. नाव विचारलं नाही. ओळख दाखवली नाही. गोड हसला. स्वयंपाकघरात गेला, अक्काचे तांदूळ आणि डाळ एका पिशवीत भरली, ती कारखानिसांच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

कारखानीस थंडीत पिशवी धरून उभे. दाजींनी खिडकीतून पाहिलं आणि अनवाणी धावले. पाहुणे गेल्यावर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "अरे बैला! ओळखीचा माणूस दिसला की ओळख दाखवायची! नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची, वाकून नमस्कार करायचा, चारचौघांत त्याचा मान ठेवायचा! एवढंही कळत नाही?"

"आलं ध्यानात, दाजी."

आता घरात कुणालाच माहीत नव्हती अशी एक गोष्ट सांगते. गणपती उठले त्याच आठवड्यात दाजींची नोकरी गेली होती. कंपनीनं एका सकाळी निम्मं ऑफिस घरी पाठवलं, त्यात दाजी. पण अक्काला सांगायचं कसं? कुठल्या तोंडानं? म्हणून दाजी रोज सकाळी टाय बांधायचे, डबा घ्यायचे आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून दिवस काढायचे. घराचे हप्ते थकत चालले होते. माणसाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. मला सुद्धा त्याची कीव येते, आणि मला तो आवडत नाही.

शेवटी दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी दाजींनी टोपी कपाळावर ओढली, काळा चष्मा लावला आणि भांडाराच्या रांगेत जाऊन उभे राहिले. शिरपती बुधवारीच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण सणाची गर्दी म्हणून त्या शुक्रवारी लोरेनबाईंनी शिरपतीला जादा बोलावलं होतं.

दाजींचा नंबर आला. लोरेनबाईंनी शेजाऱ्याला ओळखलं, पण ओळख न दाखवता पिशवी पुढं ठेवली. एवढ्यात शिरपती मागून तांदळाचं पोतं घेऊन आला. त्यानं दाजींना पाहिलं आणि पोतं टाकून दिलं.

"प्रमोददाजी!"

सगळी रांग वळून बघायला लागली. शिरपतीनं पुढं येऊन वाकून नमस्कार केला. "दाजी, ऑफिस लवकर सुटलं होय? या, या, पुढं या! लोरेनबाई, हे आमचे दाजी! मोठे साहेब आहेत!"

दाजींनी शिरपतीचं मनगट धरलं आणि दात आवळून म्हणाले, "घरी एक अक्षर बोलायचं नाही. ही पिशवी घरात दिसता कामा नये. कळलं?"

"आलं ध्यानात."

दाजी वळले आणि जवळजवळ पळतच गाडीकडं गेले. पिशवी तिथंच राहिली.

लोरेनबाईंना वाईट वाटलं. "बिचारा रिकाम्या हातानं गेला," त्या म्हणाल्या. "शिरपती, ते तुझ्याच घरचे ना? मग ही पिशवी त्यांच्या हातात नेऊन दे. हे एवढं काम नीट केलंस, तर सोमवारपासून तुझी नोकरी पक्की."

नोकरी पक्की! शिरपतीला रडूच कोसळलं. म्हणजे तिकीट रद्द. म्हणजे अक्काजवळ राहायचं. त्यानं मनाशी ठरवलं, आता चूक म्हणून करायची नाही.

आणि त्यानं केली नाही. पिशवी घरात आणलीच नाही, लोरेनबाईंच्या व्हरांड्यात ठेवली. रात्री जेवताना दाजी त्याच्याकडं चोरून बघत होते. अक्कानं विचारलं, "काय रे, काम कसं झालं?" शिरपतीनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. दाजींनी सुटकेचा श्वास टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिरपतीच्या पानात आपल्या हातानं चकली वाढली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये मंडळाची दिवाळी. पैठण्या, फेटे, फराळाची ताटं. अक्का पहिल्या रांगेत बसलेली. कारखानिसांनी दाजींची ओळख करून दिली आणि दाजी माइकपुढं उभे राहिले.

"बंधुभगिनींनो," दाजी म्हणाले, "आपण या देशात आलो ते हात पसरायला नाही! शेजारी बघा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात! आपल्या संस्कारांत हे बसत नाही. उपाशी राहीन, पण फुकटचा दाणा घरात घेणार नाही, हा आपला बाणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि हॉलच्या मागच्या दारातून शिरपती आत आला.

त्याच्या दोन्ही हातांत पिशवी होती. पिशवीवर चर्चचं नाव मोठ्या निळ्या अक्षरांत. वर शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी आणि संडासच्या कागदाच्या गुंडाळ्या. तो मधल्या वाटेनं सरळ चालत आला, स्टेजवर चढला आणि दाजींच्या पुढं वाकला. माइक चालू होता.

"दाजी," तो म्हणाला, "काल रांगेत तुमची पिशवी राहिली. घरी द्यायची नाही म्हणालात, म्हणून इथं आणली."

दाजींनी घाईघाईनं माइकवर हात ठेवला, पण तोवर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं.

अक्का उठली. सावकाश स्टेजवर गेली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग पिशवीत डोकावून पाहिलं. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "तांदूळ संपलेच होते," ती म्हणाली. "मला सांगितलं असतंत, तर रांगेत दोघं उभे राहिलो असतो." आणि तिनं पिशवी काखोटीला मारली.

दाजी मटकन खुर्चीत बसले. लोक आपापल्या ताटाकडं बघायला लागले. टाळ्या वाजवाव्यात की चिवडा खावा, कुणालाच कळेना. शिरपती मात्र खूश होता. पिशवी हातात पोचली, नोकरी पक्की झाली.

एवढ्यात कारखानीस स्टेजच्या कडेनं हळूच त्याच्याजवळ आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा साफ केला आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं.

ओळखीचा माणूस होता. शिरपतीनं वाकून नमस्कार केला. मग माइक हातात घेतला आणि चारचौघांत अध्यक्षांचा मान ठेवला.

"कारखानीससाहेब! भांडार बुधवारी सकाळी नवाला उघडतं! मागच्या दारानं आत घ्यायची सोय नाही, पुढच्या रांगेतच उभं राहावं लागतं! आणि वहिनींना आणलंत तर दोन पिशव्या मिळतात!"