चढाईतला दुसरा शब्द

१४ डिसेंबर. सकाळी धुकं होतं, दुपारी कोरडं ऊन पडलं. वाऱ्यानं मैदानावरची फक्की उडत होती.

शालेय कबड्डीचा अंतिम सामना होता आणि पंच यमुनाबाई गवस पूर्वार्धातच थकल्या होत्या. यजमान शाळेची पोरं चढाईला आली, की मिझोरामहून शिकायला आलेल्या लालरेमाला हटकून म्हणायची, "ए चिनी, जा तुझ्या देशात!" मध्यंतरात तो म्हणाला, "बाई, हा सामना शेवटचा. मी खेळ सोडतो."

बाईंनी यजमान संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब मोहिते यांच्याकडे तक्रार नेली. असल्या तक्रारी नेऊन बाईंचे केस पिकले होते. दादासाहेब हसले. "अहो, खेळात तोंड चालायचंच. नुसत्या शब्दानं काय होतं? तुम्ही आपलं नियमाचं बघा."

"बघते," बाई म्हणाल्या आणि उत्तरार्धाआधी त्यांनी दोन्ही संघांना बजावलं, "आता सगळे नियम काटेकोर."

सत्तावीस-सत्तावीस अशी बरोबरी असताना यजमानांचा यशोधन शेवटच्या चढाईला आला. "कबड्डी, कबड्डी, ए चिनी, कबड्डी..."

बाईंची शिट्टी वाजली. "दम मोडला. चढाई बाद. लालरेमाच्या संघाला एक गुण."

दादासाहेब मांडवातून तरातरा आले. "एका शब्दापायी?"

"चढाईत कबड्डीशिवाय दुसरा शब्द चालत नाही, दादासाहेब. नुसत्या शब्दानं काही होत नसतं, तर पोरांना कबड्डी तरी कशाला म्हणायला लावलं असतं?"

सामना अठ्ठावीस-सत्तावीस असा सुटला. सोमवारी लालरेमा सरावाला आला.