लिथियमचा चोर

"…पण सर, ज्या वडीत लिथियम कमी, तिच्यातूनच ते जास्त धावतं, हे तुम्हाला पटतं?"

श्रीरंग टेंभे तिसऱ्यांदा तेच विचारत होता. खांबेटे सर चष्मा पुसत होते.

सरांच्या प्रयोगशाळेत श्रीरंग आणि रेवती गावित एकाच पदार्थाच्या वड्या भाजत. बॅटरीत द्रवाऐवजी घालायच्या, चिनीमातीसारख्या टणक. त्यांच्या स्फटिकातून लिथियमचे आयन सरसर सरकायला हवेत. रेवतीच्या वडीतून ते सरकले. श्रीरंगच्या वडीत चार वर्षं ढिम्म.

तेव्हापासून गड्याचा कुणावर म्हणून विश्वास उरला नव्हता. आपल्या लिथियमच्या बाटलीवर तो स्केचपेनने खूण करून ठेवी. रेवती जेवायला गेली की तिची वही चाळी. आज तर खिशात तक्रारच होती. सरांची सही झाली की रेवतीचं टेबल रिकामं होणार होतं.

"भट्टीत लिथियम उडतं, सर. मी वडी भुकटीत गाडून भाजतो, कणभर जाऊ देत नाही. रेवतीची उघडीच! वजन कमी भरतं, आणि आकडे मात्र झकास. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरतंय खरं."

श्रीरंगने चमकून पाहिलं. सरही तिला सामील तर नाहीत?

टेबलावर रेवतीने सकाळी आणून दिलेला पेढ्यांचा खोका होता. श्रीरंगने त्यातला एक घ्यायलाही नकार दिला होता. सरांनी दोरा सोडून झाकण उघडलं. पेढे एकमेकांना खेटून, काठोकाठ. झाकण लावून त्यांनी खोका कानाशी धरला आणि हलवला.

आवाज नाही.

मग एक पेढा उचलून तोंडात टाकला. झाकण लावलं. पुन्हा हलवला.

आतले पेढे इकडून तिकडे सरकले.

"ऐकलंस?"

श्रीरंग खोक्याकडे बघत राहिला. स्फटिकातली एक जागा रिकामी झाली की शेजारचा आयन तिथे सरकतो, हे त्याने पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं होतं. दहापैकी दहा मिळाले होते. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

"म्हणजे… माझी वडी चुकली?"

"छे! तुझी अगदी भरगच्च आहे."

श्रीरंगने खिशातली तक्रार चाचपली.

"आण तो कागद."

श्रीरंगने तक्रार पुढे केली. मनात आशा होतीच, सर निदान वाचतील.

सरांनी तक्रारीलाच तुपकट बोटं पुसली, नीट घडी घातली आणि त्याच्याच खिशात परत ठेवली.

"चार वर्षं तूही भट्टीतच आहेस की रे… तुझ्यातलं काहीच कसं उडालं नाही?"