हौसाबाईच्या घरची गोष्ट

या, पांघरुणात शिरा बघू. हं, तर काय झालं, डोंगराच्या कुशीत पाणझरी नावाचं एक गाव होतं. गावाला पाणी एकाच झऱ्याचं. एके दिवशी एक भला दांडगा राक्षस आला आणि थेट झऱ्याच्या तोंडावरच बसला! पाणी बंद. झऱ्यावर भरणाऱ्या विहिरी आटल्या, गुरं हंबरायला लागली.

गावकरी हात जोडत गेले. राक्षस म्हणाला, "मी कधी न ऐकलेली गोष्ट सांगा, मग उठतो. ऐकलेली सांगितलीत, तर दगड करीन."

आता राक्षस होता तीन हजार वर्षांचा, बरं का. त्यानं काय ऐकलं नसेल? एक कथेकरी गेला. पहिल्याच वाक्याला राक्षस म्हणाला, "ऐकलीय!" कथेकरी घाबरून थांबला, झाला दगड. दुसरा टाळ-मृदंग घेऊन गेला. तोही दगड.

मग हौसाबाई निघाली. ही भाकरी थापता थापता गोष्टी सांगणारी बाई. जोडीला कुणी नाही, वाद्य नाही. पण मान तिरकी केली की कावळा व्हायची, पदर सावरला की राणी व्हायची. लेकीनं हात धरला, "आई, नको गं जाऊ."

"आपलं वासरू पाण्यावाचून गेलं, चंद्रा," हौसाबाई म्हणाली. "आता मला गप्प बसवत नाही."

राक्षसासमोर ती उभी राहिली. तिनं सुरू केलं. एका राजाला सात मुली.

"ऐकलीय!" राक्षस म्हणाला, आणि हौसाबाईची पावलं दगडाची झाली. पण ती थांबली नाही. म्हणाली, धाकटीला राजानं रानात धाडलं.

"ऐकलीय!" गुडघे दगडाचे झाले. मग, हौसाबाई म्हणाली, रानात वाटेवर आडवा पडला भलामोठा नाग.

"ऐकलीय! आता राजपुत्र येणार!" कंबर दगडाची झाली.

हौसाबाईला घाम फुटला. आणि बघा हं, त्या घाबरलेल्या जिवाला आठवली आजी. चिमाई तिचं नाव. दुष्काळात पाठीला पोर बांधून ती याच डोंगरातून चालली होती, तर वाटेत बिबट्या. चिमाई पळाली नाही. पोटच्या पोराला रागवावं तशी त्याला रागावली होती.

हौसाबाईनं दगडी कमरेवर हात ठेवला. आवाज चिमाईचा काढला, धाप लागल्यासारखा, मधेच खोकणारा. आणि गोष्टीतली राजकन्या नागावर कडाडली, "भर दुपारी वाटेत लोळतोस? लाज नाही वाटत? ऊठ! तोंड धू आधी!"

राक्षसानं तोंड उघडलं. पण 'ऐकलीय' काही येईना.

"मग?" तो म्हणाला. हौसाबाईची कंबर मोकळी झाली.

मग नाग ओशाळला, फणा खाली घालून बाजूला सरला.

"मग?" गुडघे मोकळे झाले.

मग राजकन्येनं, चिमाईसारखंच, पाठीला बांधलेलं पोर सावरलं, नागाला म्हणाली, "शहाणा माझा," आणि डोंगर उतरून गेली.

"मग?" पावलं मोकळी झाली. राक्षस पुढे वाकला. "बाई, अशी राजकन्या मी कधीच ऐकली नाही. कोण ही?"

"ही माझी आजी, बाबा. आमच्या चुलीपाशी ऐकलेली. बाहेर कुणी सांगितलीच नाही." मग हौसाबाईनं हळूच विचारलं, "तुझी आई कशी रागवायची रे?"

राक्षसानं डोकं खाजवलं. तीन हजार वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"अशीच," तो म्हणाला. "कमरेवर हात ठेवून. आणि चालायची ना, ती अशी डुलत डुलत... थांब, दाखवतो!"

आणि आईची चाल दाखवायला राक्षस उठला!

उठल्याबरोबर झरा उसळला. पाणी खळाळत गावाकडे धावलं. दोन्ही कथेकऱ्यांच्या अंगावर उडालं, तसे ते डोळे चोळत उठले. राक्षसाचं लक्ष कुठे होतं? तो आईसारखा डुलत, आईसारखा स्वतःलाच दटावत, हसत हसत डोंगरापलीकडे निघून गेला.

गुरं पाणी प्यायली, माणसं प्यायली. कथेकरी हौसाबाईच्या चुलीपाशी येऊन बसले, शिकायला. तेव्हापासून पाणझरीत घरोघरच्या गोष्टी वेगळ्या. कुणाची परी तोतरी, कुणाच्या राणीला तंबाखू लागते, कुणाचा राजा आजोबांसारखा घोरतो. सगळे सुखात राहिले. तुम्हीही सुखात निजा. मिटा डोळे.