भिवराबाईंचा कोरडा जप

शेवरगावच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या काठी, दयाळनाथ महाराजांची मठी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे भाकरी मिळे, आणि त्या भाकरी थापण्याची सेवा भिवराबाई नावाची एक विधवा साळीण करी. बाईंना अक्षरओळख नव्हती. महाराजांनी त्यांना ‘हरी नारायण’ एवढे नाम दिले होते. चूल शांत झाली की ओसरीवर बसून त्या माळ ओढीत. पहिली दोन वर्षे नाम घेताना त्यांचा कंठ दाटून येई. मग एकाएकी सगळे आटले.

सात महिने त्यांनी कोणाला सांगितले नाही. शेवटी एका एकादशीला, भरल्या सभेत, त्या महाराजांच्या पायाशी आल्या.

“म्हाराज, नाव घेते, पर आत काईच हालत न्हाई. चोथा चघळल्यावानी लागतंय. सोडून देऊ का?”

महाराज बोलण्याआधीच त्र्यंबकशास्त्री हसले. शास्त्री मोठे विद्वान. गावात पुराण सांगत, आणि आपल्यापेक्षा मठीत गर्दी का, हे त्यांना उमगत नसे.

“देव उगाच पाठ फिरवत नाही, बाई,” ते म्हणाले. “नाम गोड लागेनासे झाले म्हणजे कुठेतरी पाप दडलेले असते. आपणहून सांगा, नाहीतर आम्ही शोधू.”

महाराज भिवराबाईंकडे पाहून एवढेच म्हणाले, “माय, चव येवो न येवो, तू नाम घेत राहा.”

पण गावाच्या कानात राहिले ते शास्त्रीबुवांचे बोलणे. पाणवठ्यावर बाई आल्या की कुजबूज थांबू लागली. कोणाची कोंबडी हरवली तरी माना त्यांच्याच घराकडे वळत. मठीची ज्वारी गावापलीकडच्या माळावर, जमिनीखालच्या पेवात साठवलेली असे; ती ही बाई गुपचूप उपसते, असेही कोणीतरी बोलले. कोण बोलले ते कळले नाही, पण दोन दिवसांत सगळेच बोलू लागले. भिवराबाईंना स्वतःचाच संशय येऊ लागला. नकळत आपल्या हातून काही घडले असेल का? भाकरी थापतानाही त्या मागचे आयुष्य चाचपून पाहत.

सुगीचे दिवस होते. एका दुपारी सारे गाव रानात गेले होते आणि बाई एकट्याच ओसरीवर माळ ओढीत होत्या. इतक्यात महाराज आतून लगबगीने बाहेर आले.

“माय, माळ पुरी झाली तरी आज उठू नकोस. मी परत येईपर्यंत नाम थांबवू नकोस. आणि मोठ्याने घे!”

एवढे बोलून ते अनवाणीच रानाच्या दिशेने धावत निघाले. महाराजांना असे धावताना बाईंनी कधी पाहिले नव्हते.

त्या जप करू लागल्या, पण मनात भलतेच शिरले. मला इथे का बसवले? माझ्या घराची झडती घ्यायची असेल. म्हणजे महाराजांनाही माझा संशय आला! त्यांच्या हातातली माळ थांबली. उठून घरी जावे, दाराला कडी घालावी, पुन्हा मठीचे तोंड पाहू नये, असे वाटले. त्या अर्ध्या उठल्याही. मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, “मेल्या मना, पळालास व्हय रं? धीर धर!” आणि पुन्हा बसल्या. घसा सुकला होता. भाव नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते, महाराजांवरचा विश्वासही डळमळला होता. तरी त्या म्हणत राहिल्या, “हरी नारायण, हरी नारायण...”

बऱ्याच वेळाने माणसांचा गलका ऐकू आला. चौघांनी धरून त्र्यंबकशास्त्रींना आणले. अंग मातीने माखलेले, ओठ काळेनिळे. मागून महाराज आले आणि म्हणाले, “माय, झालं. आता पाणी आण.”

पाणी पोटात गेल्यावर शास्त्रींना बोलता येऊ लागले. सगळे गोळा झाले होते.

“मी पेवात उतरलो होतो,” ते म्हणाले. “गावात कोणी नाही असे पाहून. हिची चोरी उघड करायची होती मला. झाकणावरचा मातीचा लिंपा मीच फोडला. तो जुना होता, कुठे तडासुद्धा नव्हता! तिथेच माझा संशय फिटायला हवा होता. पण मला तो फिटायला नकोच होता.”

पेव पुष्कळ दिवस बंद असले की तळाशी वाईट हवा साठते. कुणबी आधी दिवा सोडून पाहतात; तो विझला तर आत उतरत नाहीत. शास्त्रींना हे कोण सांगणार? तळाशी पाय टेकताच त्यांना घेरी आली. शिडी हाती होती, पण चढण्याचे बळ उरले नव्हते.

“गुडघे मोडत होते. खाली बसलो असतो तर संपलोच असतो. तेवढ्यात कानाशी आवाज आला, ‘हरी नारायण’. जड, कंटाळलेला बाईचा आवाज. तो ऐकला की पायांत बळ येई. एकदा तो थांबला. मी घसरलो. वाटले, आता अंत! मग तोच आवाज कडाडला, ‘मेल्या मना, पळालास व्हय रं? धीर धर!’ आणि पुन्हा नाम सुरू झाले. त्या नामाला धरून मी उभा राहिलो. महाराजांनी रानातून माणसे आणून दोर सोडला, तोवर उभा होतो.”

भिवराबाईंचा चेहरा पांढरा पडला. “ते तर... मी हितं म्हनले हुते! कुनीबी नव्हतं जवळ!”

पेव तिथून पाऊण कोस दूर होते.

“म्हाराज,” बाई रडू लागल्या, “त्या येळी मला तुमचाबी संशय आला हुता. नावात कायबी गोडी नव्हती.”

महाराज म्हणाले, “ठाऊक आहे, माय. तरी तू उठली नाहीस. तेवढेच नारायणाने उचलले.”

शास्त्री सरपटत पुढे आले आणि त्यांनी भिवराबाईंच्या पायांवर कपाळ ठेवले. बाई पाय मागे घेऊ लागल्या, तर त्यांनी ते सोडले नाहीत. “ज्याला मी पाप म्हणालो, त्याने मला जगवले,” एवढेच त्यांच्या तोंडून फुटले.

भाविकहो, दुसऱ्या दिवशीही बाईंना नाम कोरडेच लागले. त्या म्हणत राहिल्या. ओसरीच्या खालच्या पायरीवर शास्त्री येऊन बसले आणि मान लववून त्यांच्यामागून एकेक नाम घेऊ लागले.