बाबालाल नालबंदाची सोनेरी पाटी

ही गोष्ट सांगणाऱ्याला हजार गोष्टी तोंडपाठ आहेत. पंचक्रोशीत असा दुसरा माणूस सापडायचा नाही. आता त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव अर्ध्यावर आल्या की विसरायला होतात, तो भाग वेगळा. ही एक तेवढी शेवटास जाते, कारण ती लहान आहे आणि तिच्यात माणसं कमी आहेत.

तर, चार वाटांच्या एका गावात एक नालबंद होता. बाबालाल त्याचं नाव. बैलांच्या पायांना नाल ठोकायचे, हा त्याचा धंदा. ओढ्यापलीकडं एक चिंच होती. तिच्याखाली त्याची भट्टी, त्याची ऐरण आणि त्याचं घर. घर म्हणजे काय, चार भिंती आणि खातूनबी. खातूनबी त्याची बायको. भिंती पडल्या असत्या तरी घर उभं राहिलं असतं, अशी ती बाई होती.

बाबालालचा हात मोठा गोड. तोंडात खिळे धरून तो खुरावर असा ठोका टाकी, की बैलाला वाटे, कुणीतरी अदबीनं दार वाजवतंय. रस्त्यानं गाडी चालली की डोळे मिटून सांगे, डाव्या बैलाचा मागला पाय दुखतोय. लिहिता-वाचता मात्र त्याला येत नव्हतं. त्याच्या गिऱ्हाइकांनाही येत नव्हतं, आणि बैलांचं तर विचारूच नका. त्यामुळं कुणाचं काही अडलं नव्हतं. ओढ्याकडून ठण्‌ ठण्‌ आवाज आला, की गाडीवान आपसूक तिकडं वळत.

त्याच गावात त्र्यंबकशेठ राहत. शेठना वडिलांकडून दोन गोष्टी मिळाल्या होत्या. गाडीतळासमोरची एक लांबलचक भिंत, आणि बसून राहायची सवय. भिंतीवर गावच्या बाया गोवऱ्या थापत. एक दिवस शेठनी गोवऱ्या काढायला लावल्या, भिंतीला चुना दिला आणि दवंडी पिटवली. ज्याला काही येतं, त्यानं आपल्या नावाची पाटी इथं लावावी. नाव, काम, किती वर्षं करतो, एवढं लिहावं. एक दमडी पडणार नाही. परगावचे लोक येतील, पाटी बघतील, काम देतील.

फुकट म्हटल्यावर गाव लोटलं. ज्यांना काही येत होतं ते आले. ज्यांना काहीच येत नव्हतं, ते आधी आले. गुरं राखणाऱ्यानं 'चतुष्पाद प्राण्यांचे मुख्य व्यवस्थापक' असं लिहून घेतलं. विहिरीवरून पाणी भरणारा 'जलप्रमुख' झाला. तीन वर्षं पारावर झोपून असलेल्या एकानं 'नव्या संधीच्या शोधात' अशी पाटी लावली आणि पारावर परत जाऊन झोपला. सगळ्यांच्या पाट्या शाळेच्या मास्तरांनी लिहून दिल्या. त्यात त्यांच्या स्वतःच्या पाटीला जागा उरली नाही. रोज कुणी ना कुणी आपली पाटी बदलून थोडी मोठी करी. मग बाकीचे त्याच्या पाटीपुढं जाऊन "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत, आणि मग तो त्यांच्या पाट्यांपुढं जाऊन म्हणे. त्या साली गावात अभिनंदनाचं पीक अमाप आलं. काम कुणाला मिळालं, ते ऐकिवात नाही.

हल्ली अशी भिंत मोबाइलात असते म्हणतात. असेल. भिंतीला काय, जिथं माणसं बघत उभी राहतील तिथं ती उभी राहते.

बाबालालनंही पाटी लावली. 'बाबालाल नालबंद. ओढ्यापलीकडं, चिंचेखाली.' स्वतःला ओळखता यावी म्हणून कोपऱ्यात एक नाल काढून घेतला.

शेठ भिंतीशी खुर्ची टाकून बसत, मांडीवर वही. पाटीसमोर माणूस थांबला की शेठनी वहीत रेघ मारलीच. आठ दिवसांनी त्यांनी बाबालालला हाक मारली.

"बाबालालभाई, या आठवड्यात तुमच्या पाटीसमोर अकरा वेळा माणूस थांबला."

"अकरा! कोण कोण, शेठ?"

शेठनी वही छातीशी धरली. "ते सोनेरी पाटीवाल्यांनाच सांगतो."

सोनेरी पाटी म्हणजे भिंतीच्या अगदी वरच्या अंगाला, सोन्याच्या रंगात. कोण बघून गेलं त्यांची नावं कळणार. शिवाय आपला निरोप शेठ स्वतः मोठ्या माणसांच्या कानावर घालणार.

"भाव महिन्याला दोन रुपये," शेठ म्हणाले. "तुम्हाला आजच्या दिवस एक."

"आज काय आहे?"

"आज तुम्ही आलात."

त्या काळचा रुपया म्हणजे लहान वस्तू नव्हती. आणि बाबालालच्या घरात तो एकच होता, तोही ठरल्या कामाचा. गावाबाहेरून नवी सडक झाली होती, निम्म्या गाड्या तिकडूनच पळत. चिंचेखालची भट्टी आठवड्यातून चार दिवस गार असे. अशात बातमी आली होती, की रावजी मुकादम येत्या बाजाराला गावात येणार. चाळीस गाड्या कापूस घाटाखाली न्यायचा, आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत एक नालबंद बरोबर ठेवायचा. चाळीस गाड्यांचे ऐंशी बैल, दुभंगल्या खुराला दोन, म्हणजे एका बैलाला आठ नाल. ते काम मिळालं तर साल निभावलं. नाही मिळालं, तर ऐरण विकून दुसऱ्याच्या हाताखाली राबायला जायचं, हे नवरा-बायकोचं बोलून झालं होतं. नाल मारायला बैल दोरानं पाडावा लागतो, आणि बाबालालचा दोर तीन ठिकाणी झिजून सुतळीएवढा झाला होता. नव्या दोरासाठी खातूनबीनं अंडी विकून तो रुपया साठवला होता.

संध्याकाळी जेवताना बाबालालनं विषय काढला.

"अकरा माणसं माझ्यावर नजर ठेवून आहेत."

"मग एकही चिंचेपर्यंत कसा आला नाही? मधे ओढा आहे, समुद्र नाही."

"मोठी माणसं आधी लांबून बघतात."

"बैल पाटी वाचतो का?"

"बैल नाही. बैलाचा मालक वाचतो."

"तुमच्या कुठल्या गिऱ्हाइकाला वाचता येतं, सांगा बरं."

बाबालालनं घास हातात धरून पुष्कळ विचार केला. "मास्तरांना येतं."

"मास्तरांकडं बैल आहे?"

"नाही."

"दोर घ्या," खातूनबी म्हणाली. "मुकादमाचे बैल दांडगे. पाडताना दोर तुटला, तर मुकादम काय तुमची पाटी वाचत बसणार आहे?"

बाबालालला पटलं. पण त्याला पटलेलं त्याच्या पायांना कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काम टाकून तो सकाळी एकदा, दुपारी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा भिंतीपाशी जाई. पाटीसमोर उभा राही, इकडंतिकडं बघे. बघणारा कुणी दिसत नसे. आत्ताच येऊन गेला असेल, असं म्हणून तो परत फिरे. ऐरणीवर कोळ्यानं जाळं विणायला घेतलं. कोळ्याला तेवढी नवी संधी मिळाली.

बाजाराचा दिवस उजाडला. बाबालाल रुपया कनवटीला लावून दोर आणायला निघाला. दोरवाल्याकडं जायला दोन वाटा होत्या. तो भिंतीकडच्या वाटेनं गेला.

"या आठवड्यात पंधरा झाले, भाई!" शेठनी लांबूनच वही दाखवली. "आणि मुकादम आजच येतोय, कानावर आलं असेल."

बाबालालचा हात कनवटीला गेला. रुपया शेठच्या खिशात पडला. शिडी आली. पाटी सोनेरी झाली आणि वर चढली. नाल खालून डागाएवढा दिसू लागला. मग शेठनी खाकरून वही उघडली.

"पहिला, बाबालाल नालबंद. दुसरा, बाबालाल नालबंद. तिसरी, खातूनबी. तुम्हाला जेवायला बोलवायला आली होती, पाटीपुढं थांबली. चौथा, बाबालाल नालबंद…"

पंधरातले बारा बाबालाल निघाले. दोन वेळा खातूनबी निघाली.

"आणि पंधरावा?" बाबालालनं विचारलं.

"पंधरावा मी. पाटी सरळ लागलीय का, ते बघायला थांबलो होतो."

"अन् मुकादमाला निरोप?"

"देणार की! मुकादम पाटीपाशी आला, की पहिला निरोप तुमचाच."

शहाण्या माणसानं इथून घर गाठलं असतं. पण रुपया गेलेला माणूस रुपया जिथं गेला तिथंच घुटमळतो. बाबालाल सोनेरी पाटीखाली मांडी घालून बसला. आणि खरोखर, लोक यायला लागले. चतुष्पादांचे व्यवस्थापक आले, "अभिनंदन, भाई!" म्हणाले. जलप्रमुख आले, घागर खाली ठेवून "अभिनंदन!" म्हणाले. पारावरचा उठून आला, म्हणजे केवढी गोष्ट! शेठनी वहीचं नवं पान काढलं, रेघ रेघेला लागली. वीस झाले, तीस झाले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा बेचाळीस झाले होते. बाबालालची पाठ आपोआप ताठ झाली.

तेवढ्यात खातूनबी धापा टाकत आली.

"अहो, घरी चला. माणूस आलाय."

"इथं बेचाळीस आलेत."

"त्याच्याकडं लंगडा बैल आहे. कधीचा उभा आहे चिंचेखाली. मघापासून सांगतेय आत्ता येतील, आत्ता येतील."

"एका बैलासाठी उठू? मी इथं ऐंशी बैलांसाठी बसलोय. मुकादम कधी येईल, नेम नाही. त्याला थांबव, नाहीतर सांग उद्या ये."

"काय सांगू त्याला, तुम्ही कुठं आहात म्हणून?"

"खरं ते सांग."

खातूनबी सोनेरी पाटीकडं बघत क्षणभर उभी राहिली. शेठनी त्रेचाळिसावी रेघ मारली. ती परत गेली आणि तिनं त्या माणसाला खरं ते सांगितलं.

"लोक त्यांना बघतात का, ते बघायला गेलेत."

माणूस धुळीनं भरलेला होता. हसला नाही, रागावला नाही. खातूनबीनं दिलेलं पाणी प्याला, बैलाला पाजलं. ऐरणीवरचं जाळं बघितलं, खुंटीवरचा दोर बोटात धरून बघितला. आणखी थोडा वेळ ओढ्याच्या वाटेकडं डोळे लावून थांबला. मग बैलाला चुचकारून चालता झाला.

ऊन कललं. बाजार मोडायला लागला. बाबालालनं जवळून चाललेल्या एका गाडीवानाला हटकलं.

"का हो, रावजी मुकादम अजून आला नाही?"

"मुकादम? आला अन् गेलासुद्धा! सकाळी वेशीवर उभा राहून कान लावत होता. म्हणाला, या गावात हातोड्याचा आवाज कसा नाही? मग विचारत विचारत ओढ्याकडं गेला."

"एकटा?"

"एक लंगडा बैल घेऊन. रीतच आहे त्याची. नालबंद ठेवायचा असला की नाव सांगत नाही. एक दुखरा बैल पुढं करतो आणि हात बघतो. आता पुढच्या वाडीला थांबलाय म्हणे."

बाबालाल उठला तो धावतच सुटला. शेठ मागून ओरडले, "भाई, पुढल्या महिन्याचं आठवणीत ठेवा!" पण ते ऐकायला तो गावात नव्हता. दीड कोस तो धापा टाकत गेला. वाडीच्या अलीकडं चाळीस गाड्या रांगेनं उभ्या होत्या. बाजूला तोच लंगडा बैल आडवा पडला होता, आणि वाडीचा नालबंद तोंडात खिळे धरून त्याच्या खुरावर वाकला होता. ठोके लांबूनच ऐकू येत होते. बाबालालच्या कानानं पारख केली. हात बरा होता. त्याच्याइतका नव्हता, पण बरा होता.

मुकादम जुवावर हात ठेवून उभा होता.

"मुकादम!" बाबालालला श्वास पुरेना. "मी बाबालाल. चिंचेखालचा नालबंद. जरा चौकशी तरी करायची! अख्ख्या भिंतीवर सगळ्यात वर पाटी आहे माझी, सोनेरी. आज एका दिवसात त्रेचाळीस माणसं मला बघून गेली, शेठच्या वहीत रेघा आहेत!"

मुकादमानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं.

"मी दुपारपर्यंत बैल धरून तुझ्या दारात उभा होतो, भाई. त्याची रेघ कुठल्या वहीत आहे?"

तात्पर्य: आपल्याला कोण कोण बघतं हे कळावं म्हणून पदरचा रुपया घालण्याआधी, जो आपल्याला शोधत दारात येईल त्याला आपण कामावर सापडू, एवढं बघावं.