रिकाम्या झोळीचं वजन

"पण बाई, मी त्या घोळक्यात बसून शिकू तरी काय?"

आशाताई कौसल्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात उभी. आत बारा गावच्या आशा मिटिंगला जमलेल्या. हिचं नाक मात्र वर पत्र्याला टेकलेलं.

पायरीवर सालोमीबाई बसलेल्या. चाळीस वर्षं नर्स होत्या, आता नुसती गवार मोडतात. मी इथली मदतनीस, चहात आलं टाकत होते. कान इकडंच.

"माझ्या गावात एकपण बाळ अडीच किलोच्या आत नाही," कौसल्या म्हणाली. "जे काय शिकवायचं राहिलंय ते मला एकटीलाच शिकवा."

"बरं. काटा आण तुझा."

कौसल्यानं पिशवीतनं वजनकाटा काढून दिला. बाईंनी तो खुंटीला अडकवला. सुई शून्यावर. मग खाली बाळाची झोळी टांगली, रिकामीच.

सुई तीनशे ग्रॅमवर गेली.

"कुणाचं गं हे पोर?" बाई म्हणाल्या. "गोड आहे."

कौसल्यानं वाकून सुई बघितली.

आधी झोळी टांगायची, मग सुई शून्यावर आणायची, मग बाळ. हिनं दोन वर्षं पोरं झोळीसकट तोलली होती.

"गयाबाईच्या नातवाचं दोन सहाशे लिहिलंय मी..." ती बोटं मोजायला लागली. "म्हणजे दोन तीनशेच! एवढ्या कमी वजनाचं पोर उबेत हवं, अन् आठ दिवसांचं ते उघडंच ठेवतात. बाई, मी पळते."

"पळ की. आधी आत सांग, मग पळ."

"हसतील हो सगळ्या!"

बाई गवार मोडत राहिल्या...

कौसल्या आत गेली. मागोमाग मी, चहाचं निमित्त. तिनं खाली बघतच सगळं सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या सुगंधानं हळूच आपला काटा बाहेर काढला. मग आणखी एकीनं. मग तिसरी म्हणाली, "अगं, मी तर गोधडीसकट तोलते!"

तेव्हा मात्र पत्रे हालले. कौसल्यापण डोळे पुसत हसली.

सुगंधा उठली. "चल, माझी गाडी आहे. आधी तुझं पोर बघू, मग माझी दोन."

गाडीवर बसता बसता कौसल्या वळली.

"बाई, तुम्हाला तर ठाऊक होतं. मग तुम्हीच आत जाऊन का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसतं लिहून घेतलं असतं. काटा कुणी बाहेर काढला नसता."